दुसरा कंटेनर

पहिला कंटेनर आला तेव्हा सोलापुरात संक्रांतीची गड्ड्याची यात्रा भरलेली होती. कारखान्यातले निम्मे कामगार दुपारनंतर तिकडे पळायचे, त्यामुळे माल उतरवून घ्यायला माणसं मिळेनात. माझी चिडचिड तिथूनच सुरू झाली आणि पुढे वर्षभर ती काही थांबली नाही.

आमचा टॉवेलचा कारखाना लहानसा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सासऱ्यांनी सुरू केलेला. यजमान माग आणि माणसं बघतात, मी ऑफिस बघते. बँक, कागदपत्रं, परदेशी गिऱ्हाइकांच्या ईमेलना उत्तरं, सगळं माझ्याकडे. जुने माग खडखडाट करत का होईना, चालत होते. पण यजमानांनी एका प्रदर्शनात चीनचे नवे, धोट्याशिवाय चालणारे रेपियर माग पाहिले आणि त्यांना दुसरं काही सुचेना. जेवताना तेच, झोपताना तेच. शेवटी चार माग मागवायचं ठरलं. ते दोन कंटेनरमधून येणार होते. पहिल्यात लोखंडी सांगाडे, दुसऱ्यात माग चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेट्या.

"सगळं एकदम का नाही पाठवत?" मी विचारलं होतं.

"त्यांची पद्धत आहे गं तशी. तू उगाच शंका काढू नकोस."

मी शंका काढली नाही. काढायला हवी होती, असं नंतर मी त्यांना इतक्या वेळा ऐकवलंय की आता ते मी तोंड उघडायच्या आधीच मान हलवतात.

पहिल्या कंटेनरमागोमाग त्या कंपनीचा इंजिनिअर आला. चाळिशीचा, किडकिडीत, केस कायम उभे राहिलेले. त्याला मराठी-हिंदी येत नव्हतं हे ठीकच, पण इंग्रजीही 'गुड' आणि 'नो गुड' यापलीकडे नव्हतं. बाकी सगळं त्याचा मोबाइल बोलायचा. तो मोबाइलला चिनीत सांगायचा आणि आतली बाई ते आम्हाला हिंदीत सांगायची. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "आपकी किरण बहुत ढीली है."

आमचा जॉबर, म्हणजे माग लावणारा आणि दुरुस्त करणारा माणूस, अक्कलकोटकडच्या खेड्यातला. त्याने माझ्याकडे बघितलं. "वैनी, किरण कोण ओ? आपल्यात किरण नावाचं कोण न्हाय की."

बराच वेळ गेल्यावर उलगडा झाला. सुताचा बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला रूळ, सैल होता आणि त्या बाईने त्या बीमची प्रकाशाची किरण केली होती. टॉवेलच्या फुगीर धाग्यांना आम्ही पाइल म्हणतो. त्याला तिने काय म्हटलं ते मी इथे लिहिणार नाही. जॉबर मात्र दिवसभर तोंडावर रुमाल धरून हसत होता.

पण काम झकास झालं. सांगाडे उभे राहिले. आता चीनमधली नवीन वर्षाची सुट्टी संपली, की दुसरा कंटेनर निघणार होता. जास्तीचा भत्ता मिळतोय म्हणून इंजिनिअरने सुट्टीला घरी जायचं टाळलं होतं. पेट्या आल्या की आठवड्यात जोडायच्या आणि जायचं, असा त्याचा हिशोब होता.

मग त्या कंपनीच्या सेल्स विभागातल्या मुलीचा मेल आला. ती प्रत्येक मेलची सुरुवात 'प्रिय मित्रा' अशी करायची आणि शेवटी गुलाबाचं फूल टाकायची. प्रिय मित्रा, सुट्टी थोडी वाढली आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा प्रिय मित्रा, सुट्टी आणखी वाढली आहे. तिसऱ्या मेलमध्ये तिने लिहिलं, की कारखाना बंद आहे, गाव बंद आहे, आम्ही सगळे घरात आहोत, पण तुम्ही काळजी करू नका. खाली फूल.

टीव्हीवर तेव्हा तिकडचे ओस पडलेले रस्ते दाखवायला सुरुवात झाली होती. आमच्याकडे बाजार नेहमीसारखा गजबजलेला होता. कुणाला काही पडलेली नव्हती. पडली ती एकाच माणसाला, ज्या लॉजवर इंजिनिअर उतरला होता त्याच्या मालकाला.

त्याचा फोन आला. "मॅडम, त्या साहेबांना न्या बघा. बाकीचे गिऱ्हाईक खोल्या सोडायलेत."

"अहो, त्याला इथं येऊन महिना होत आला. सरकारी डॉक्टर दोनदा तपासून गेले. त्याला काही झालेलं नाही."

"मला पटतंय हो मॅडम. पण मी दारात उभं राहून एकेकाला कसं सांगू?"

दुसऱ्या लॉजने नाव ऐकल्यावरच खोली नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्याने तर फोनच ठेवला. मी ऑफिसात बसून चौथा नंबर शोधत होते, तेवढ्यात यजमान त्याला गाडीत घालून आमच्या घरी सोडूनही आले. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. संध्याकाळी घरी येते तर तेलुगू विणकरांच्या पूर्वभागातल्या आमच्या त्या चिंचोळ्या बोळात ही गर्दी. आणि दारात हा उभा. एका हातात सूटकेस, दुसऱ्या हातात भाताचा कुकर.

"गच्चीवरची खोली रिकामीच आहे की," यजमान म्हणाले.

"त्या खोलीत वर्षाचे गहू आहेत, तुमच्या वडिलांचा मोडका माग आहे आणि पंखा नाही."

"पंखा लावू."

सासूबाईंनी एवढं मराठी-तेलुगू मिसळून माझ्या लग्नातही भाषण केलं नसेल. आमच्या घरात सगळे त्यांना अत्तम्मा म्हणतात. त्यांचं म्हणणं एवढंच, की माणूस दारात उभा आहे, आधी त्याला पाणी द्या, भांडण मागून करा. मी पाणी दिलं. त्याने ते परत केलं. मोबाइलमधली बाई म्हणाली, "गरम पानी चाहिए."

पुढचे चार महिने मी त्या माणसासाठी पाणी गरम करत होते. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात, जेव्हा नळालासुद्धा उकळतं पाणी येतं, तेव्हाही. तेही येतं ते चार-पाच दिवसांनी, आणि हा रोज कपडे धुणार. शर्ट, पँट, मोजे सगळं रोज. मी त्याला खुणा करून रिकामी टाकी दाखवली की तो "गुड, गुड" म्हणायचा. आमची भाकरी त्याने एकदा खाल्ली आणि नम्रपणे बाजूला सारली. शेंगाच्या चटणीने त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेवटी तो आपला भात आपणच करू लागला आणि कोबी उकडू लागला. त्या कोबीचा वास शिडीवरून थेट आमच्या देवघरात यायचा.

शेजारच्या अप्पांनी आमच्या बाजूची खिडकी खिळे मारून बंद केली. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका," ते कठड्यापलीकडून म्हणाले, "पण वारा तुमच्याकडून आमच्याकडे येतो."

मार्च उजाडला आणि 'प्रिय मित्रा'चा मेल आला, की कारखाना सुरू झाला, पेट्या तयार आहेत, कंटेनर जहाजावर चढला. यजमानांनी पेढे आणले. इंजिनिअरने पेढा खाल्ला आणि 'गुड' म्हणाला. त्याचं परतीचं विमान तर केव्हाच रद्द झालं होतं, पण तो म्हणायचा, काम झालं की दुसऱ्या कुठल्या वाटेने जाईन.

जहाज आपल्या बंदराला लागलं आणि देश बंद झाला.

तेव्हा मला आलेला संताप अजून तसाच्या तसा आठवतो. इतके दिवस ते बंद होते आणि आम्ही चालू होतो. आता ते चालू आणि आम्ही बंद. सांगाडे सोलापुरात, सांगाड्यांवर पेट्या बसवणारा माणूस सोलापुरात, माझ्या गच्चीवर, आणि पेट्या मुंबईच्या बंदरात. तिथे उतरवायला हमाल नाहीत, आणायला ट्रक नाही, सही करायला माणूस नाही. माल सोडवायला लागणारे मूळ कागद कुरियरने निघाले होते, ते कुरियर कुठल्या शहरात अडकलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी रोज सकाळी फोन लावायची. एक जण म्हणायचा, कागद आले की बघू. दुसरा म्हणायचा, कागद असले तरी काय करणार, गाडी कुठाय? त्यात युरोपातल्या गिऱ्हाइकाने कळवलं, की दुकानं बंद आहेत, टॉवेल आत्ता पाठवू नका. आमच्या गोदामात बांधलेले गठ्ठे छतापर्यंत गेले होते.

"सगळं ठीक होईल गं," यजमान म्हणायचे.

"तुम्ही आणि ती फूलवाली, दोघांनी एकत्र कंपनी काढा," मी म्हणायची.

रिकामा बसलेला इंजिनिअर म्हणजे काय ते मला त्या एप्रिलमध्ये समजलं. त्याच्या खोलीत दिलेला आमचा कूलर आवाज करतो हे त्याला सहन होईना. एका दुपारी मी वर गेले तर कूलरचे तुकडे वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले. त्याने तो परत जोडला, चालू केला आणि कूलरने खोलीभर पाणी फेकलं. गव्हाच्या पोत्यांवरसुद्धा. दुकानं बंद, मेकॅनिक बंद, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन. त्या दिवशी माझा तोल गेला. त्याच्या मोबाइलला मध्ये न घेता मी त्याला मराठीत धरून झापलं. तुझे माग, तुझ्या पेट्या, तुझा कोबी, तुझं गरम पाणी, सगळं काढलं. मग तोही सुरू झाला. चिनीत, हात उडवत. शब्द एकही कळला नाही, पण तो काय म्हणत होता ते नीट कळलं. मी हौसेनं राहिलोय का इथं, असंच काहीतरी.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. व्हिडिओवर त्याची बायको होती. आणि तिने मागे काय बघितलं, तर गच्चीभर वाळत घातलेल्या कुरडया, मोडका माग, मी आणि काठी घेऊन कावळे हाकणाऱ्या अत्तम्मा. नंतर कळलं, त्याने बायकोला आजवर सांगितलं होतं की तो हॉटेलात आहे. लॉजमधून काढलं हे तिला माहीतच नव्हतं. ती अशी काही ओरडली, की पलीकडच्या गच्चीवर अप्पा उठून उभे राहिले.

हा बिचारा "नो, नो" करत मोबाइल खाली धरू लागला. अत्तम्मांनी तो त्याच्या हातातून घेतला. डोळ्यांजवळ नेला आणि तेलुगूत विचारलं, "तिन्नावा, अम्मा?" म्हणजे, जेवलीस का बाई?

पलीकडची बाई पडद्याजवळ सरकली. मग ती काहीतरी बोलली. अत्तम्मा काहीतरी बोलल्या. त्यांनी तिला कुरडया दाखवल्या, त्याची खोली दाखवली, दोरीवरचे धुतलेले मोजे दाखवले. तिने एका शाळकरी मुलीला कॅमेऱ्यासमोर ओढून आणलं, अत्तम्मांनी तिच्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. बराच वेळ दोघी अशा आपापल्या भाषेत बोलत राहिल्या. मी आणि इंजिनिअर फडक्याने फरशीवरचं पाणी टिपत होतो. आमचं भांडण तसंच अर्धवट राहिलं.

जूनमध्ये कळलं, की इथे अडकलेल्या चिनी माणसांना न्यायला त्यांचं विमान मुंबईला येणार आहे. पुन्हा फोन, पुन्हा पास, पुन्हा डॉक्टरचा दाखला. मुंबईचं नाव काढलं की ड्रायव्हर पळायचे. शेवटी यजमान स्वतःच गाडी घेऊन त्याला सोडायला गेले. जाताना त्याने आपला भाताचा कुकर अत्तम्मांना दिला. त्याची पिन आपल्याकडच्या प्लगमध्ये बसत नाही, हे तो गेल्यावर आमच्या लक्षात आलं. चार महिने तो कसला अडॅप्टर लावत होता देव जाणे, तो त्याने सूटकेसमध्ये नेला.

गाडी बोळाच्या बाहेर गेली तेव्हा मला हायसं वाटलं. मग दुपारी सवयीने पाणी गरम करायला ठेवलं आणि स्वतःचाच राग आला.

तो गेला आणि त्याच आठवड्यात कुरियर आलं. मूळ कागद, शिक्क्यासकट. मला वाटलं, आता संपलं. पण तेवढ्यात सीमेवर चकमक झाली, आपले जवान गेले. सगळ्यांसारखी मीही टीव्हीसमोर सुन्न होऊन बसले होते. मग बातमी आली, की चीनहून आलेला सगळा माल बंदरावर उघडून तपासणार. आमचा कंटेनर पुन्हा रांगेत, शेवटी. चौकात पोरांनी एक जुना चिनी टीव्ही फोडला. अप्पा कठड्यापाशी आले.

"वहिनी, आता तरी ते माग परत पाठवून द्या."

"अप्पा, दहा माणसं लागली एकेक सांगाडा बसवायला. कुणाच्या डोक्यावर घालून पाठवू?"

"नाही, मी आपलं तत्त्व सांगितलं."

"तत्त्व माझ्याकडेही आहे हो. पण पैसे आधीच गेलेत आणि कामगार कामावर कधी यायचं म्हणून विचारतायत. त्यांना काय सांगू?"

अप्पा कठड्यावरून मागे सरकले. मी आत जाऊन यजमानांवर ओरडले. तेवढंच हातात होतं.

कंटेनर आला तो श्रावणात, भर पावसात. जॉबर गावाहून भावाच्या मोटारसायकलवर आला, पोलिसांना चुकवत, आडवाटांनी. आल्या आल्या त्याने पेट्या उघडल्या. "तीन लई भारी हायत, वैनी. चौथी भिजलीया बगा. हात लावू नगा." चौथ्या पेटीच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं. फूलवालीला फोटो पाठवले. तिचं उत्तर आलं: प्रिय मित्रा, आमच्याकडून निघताना पेटी कोरडी होती.

जोडणी झाली ती व्हिडिओवर. तिकडे इंजिनिअर, इकडे जॉबर, मध्ये मी मोबाइल धरून. हात भरून यायचा. मध्येच रेंज जायची, आणि आली की तिकडचा माणूस कुठल्या वायरबद्दल बोलत होता ते कुणालाच आठवायचं नाही. मोबाइलमधली बाई तिच्या परीने मदत करत होती. ती म्हणाली, "लाल साँप को ऊपर डालो." मी जॉबरकडे बघितलं. तो निवांत होता. "लाल केबल म्हणतीया. कळतंय मला. तुमी नीट धरा की फोन." तिकडून इंजिनिअर ओरडायचा, इकडून हा. दोघंही एकमेकांच्या भाषेत नाही, पण एकाच सुरात. मला वाटलं, यांना माझी गरज नाही, एखाद्या स्टुलाला मोबाइल बांधला तरी चालेल. तसं म्हटल्यावर दोघांनीही माझ्याकडे बघून "नो, नो" केलं.

तीन माग सुरू झाले. चौथा नुसताच उभा राहिला. जॉबर त्यावर शर्ट वाळत घालायचा.

आणि मग ऑर्डर आली. अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाने लिहिलं, की आजवर आम्ही टॉवेल चीनमधून घेत होतो, आता दुसरीकडून घ्यायचे आहेत. त्या दोन देशांचं बिनसलं होतं, एवढं मलाही पेपरातून कळत होतं. खाली एक ओळ होती: तुमच्या मालात चिनी काही आहे का? कारखान्याचे फोटो पाठवा.

यजमानांचा चेहरा पडला. मी काही म्हणायच्या आत ते खाली धावले. मी मागोमाग गेले तर काय, तिन्ही मागांच्या चिनी नावांच्या पाट्यांवर आमचेच टॉवेल टाकलेले, आणि यजमान फोटो काढायला लांब उभे.

"असे कसे दिसतील? माग काय अंघोळ करून आलेत?"

"मग काय करू? ऑर्डर घालवू?"

"विचारते मी त्याला सरळ."

"अगं, विचारू नकोस! विचारलं की संशय येतो."

मी वर जाऊन लिहिलं. सूत इथलं आहे, रंग इथला आहे, विणणारे इथले आहेत, माग चीनचे आहेत, चालेल का? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. माग कुठलेही असू देत, आम्हाला टॉवेलशी मतलब. यजमानांनी जाऊन टॉवेल काढले. एकाला ग्रीसचा डाग पडला होता.

माल वेळेत तयार झाला. तोपर्यंत जगात रिकामे कंटेनरच मिळेनासे झाले. सगळे म्हणे नको त्या बंदरांत जाऊन बसले होते. आमचे गठ्ठे पुन्हा गोदामात चढले. एजंट रोज सांगायचा, "आज नाही मॅडम, बघू." कंटेनर मिळेपर्यंत दिवाळी होऊन गेली होती. ते टॉवेल अमेरिकेत कधी पोचले ते मी विचारलंही नाही. पैसे आले, तेवढं पुरे होतं.

चौथ्या मागाची नवी पेटी पुढच्या वर्षी आली. ती बसवायला इंजिनिअरलाच पाठवा, असा यजमानांचा हट्ट. कंपनी तयार होती, तोही बहुधा तयार होता. पण त्याच्या बायकोने साफ नाही म्हटलं.

"तू बोलून बघ ना तिच्याशी," यजमान म्हणाले. "नाहीतर अत्तम्मांना बोलू दे. त्यांचं ऐकेल ती."

"मी नाही बोलणार आणि त्यांनाही बोलू देणार नाही. तिच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं."

मग जॉबरनेच पेटी बसवली, फोनवर भांडत भांडत. आठवडा गेला. मी मोबाइल धरायला गेले नाही. त्याने तो सुतळीने खांबाला बांधला होता आणि तिकडून इंजिनिअरचं "नो गुड, नो गुड" सगळ्या शेडभर ऐकू येत होतं.